तांबडी शाल

केलेब रीस यांच्या उपदेशाच्या शिडात वारा भरला, की ऐकणाऱ्याला चुलीवरच्या भांड्याचीही आठवण राहत नाही, असं पेंब्रोकच्या किनाऱ्यावर म्हणत. आधी ते घरच्यासारखं साधं बोलत. मग एखाद्या वाक्याला आवाज हळूच वर चढे, बोलण्याचं गाणं होई, आणि भरल्या चॅपेलातून आमेनच्या लाटा उठत. लेटिसमावशीनं त्यांना तरुणपणी एकदाच ऐकलं होतं, माळावर, पावसात उभं राहून. ते सूर अजून दूध काढताना तिच्या ओठांवर येत. आता रीस तिच्याच गावच्या चॅपेलात येणार होते. दोघंही थकलेले, पुन्हा योग येण्यातला नव्हता.

चॅपेलचा पंच, शॅड्रक लोहार, निरोप घेऊन आला. उपदेश पवित्र शास्त्रातल्या गिदोनावर होता, मूठभर माणसं आणि मशाली घेऊन मोठी फौज पळवणाऱ्या, आणि त्यात मावशीची गोष्टही येणार होती.

"पुढच्या बाकावर बसायचं, मावशी. अंगावर ती शाल हवी. गिदोनाच्या मशाली आणि आपल्या बायकांच्या लाल शाली, अशी सांगड रीस घालणार आहेत."

"शाल तांबडी होती, शॅड्रक."

"तेच तर म्हणतोय मी."

गोष्ट सगळ्या मुलखाला पाठ होती. नेपोलियन बादशहा व्हायच्या आधी फ्रेंच फौज फिशगार्डजवळ उतरली. टेकडीवर लाल शाली पांघरलेल्या बायका उभ्या होत्या. फ्रेंचांना वाटलं, लाल कोटांची इंग्रज पलटणच आली. त्यांनी हत्यारं खाली ठेवली. त्या बायकांपैकी आता गावात मावशी तेवढी उरली होती.

कुणाच्या शाली लाल असतीलही. मावशीच्या वाडीत मात्र लोकर न रंगवता विणत, आणि तिथल्या तपकिरी मेंढ्यांच्या रंगाला तांबडाच म्हणत, जशी गाय तांबडी. पूर्वी एक इंग्रज साहेब माहिती विचारत आला होता. मावशी आपल्या बोलीत तांबडी म्हणाली. दुभाष्यानं त्याला सांगितलं, लाल, शिपायाच्या कोटासारखी. गोष्ट छापून परत आली आणि गावाला आवडली. पोरी जत्रेला लालभडक शाली घेऊन जाऊ लागल्या. मावशी आपली तांबडीच म्हणत राहिली, आणि ऐकणारे लालच ऐकत राहिले.

तोवर तिचं काही अडलं नव्हतं. पण चॅपेलात आमेन म्हणायचं म्हणजे देवासमोर साक्ष द्यायची. खोट्याला तिनं कधी आमेन दिलं नव्हतं, आणि रीस गात असताना तोंड मिटून बसणं तिच्यानं होणार नव्हतं.

सभेच्या दिवशी ती शाल काखेत घेऊन पाहुण्यांच्या खोलीत गेली. रीस ताक पीत होते. तिनं शाल त्यांच्या मांडीवर पसरली. ती जुन्या शेणकुटाच्या रंगाची होती.

रीसनी ती उजेडाकडे धरली. "मग फ्रेंच घाबरले कशाला?"

"घाबरले की नाही, कुणी विचारलंय? उपाशी होते. थोड्या दिवसांआधी किनाऱ्यावर फुटलेल्या एका गलबताची दारू आमच्या घराघरांत होती, ती ढोसली, अर्ध्या कच्च्या कोंबड्या खाल्ल्या. आमच्या कुंपणाशी बसून ओकत होते."

"आणि तुम्ही बायका?"

"बघायला गेलो होतो. मी तर थरथरत होते, महाराज."

"मग घरी का नाही गेलात?"

"टेकडीखाली, त्यांच्यासमोर, माझा भाऊ होता. हातात गवताचा कोयता, दुसरं काही नाही. त्याला तिथं सोडून कशी जाऊ?"

रीसनी शालीची घडी घातली. "गिदोनही आधी शत्रूच्या भीतीनं द्राक्षकुंडात, द्राक्षं तुडवायच्या खड्ड्यात, लपून गहू झोडत होता," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

चॅपेल खिडक्यांपर्यंत भरलं होतं. मावशी पुढच्या बाकावर, अंगावर तीच शाल. रीसनी द्राक्षकुंडापासून सुरुवात केली. ज्याला भीती वाटते त्यानं घरी जावं, अशी देवाची आज्ञा झाली. गिदोनाच्या फौजेतले हजारो निघून गेले. मग आवाज चढू लागला. एक पोरगी टेकडीवर उभी होती, ते गाऊ लागले, पाय लटपटत होते, आणि ती घरी गेली नाही. भाऊ खाली होता, ती घरी गेली नाही. तिच्या अंगावर मेंढीनं दिलेली शाल होती, तांबडी, आणि ती घरी गेली नाही.

मावशीचं आमेन सगळ्यांच्या आधी निघालं, आणि इतक्या मोठ्यानं, की मागचे माना उंचावून पाहू लागले.

बाहेर पडताना शॅड्रकचे डोळे ओले होते. असा उपदेश बापजन्मात ऐकला नाही, म्हणाला. मग त्यानं शालीचं टोक चिमटीत धरलं.

"धुऊन धुऊन रंग पार उतरला की, मावशी. पुढच्या सभेआधी रंगवून आणू?"

"आधी मेंढी रंगव," मावशी म्हणाली, आणि गुणगुणत घराकडे वळली.