फ्रिजमागचे कुरुत

खुजंद शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात झुरळं झाली आणि सबोहतबाईंनी युद्धच पुकारलं. उकडलेल्या अंड्याचा बलक, साखर आणि बोरिक पावडर मळून त्यांनी गोळ्या वळल्या. जन्मभर कुरुत, म्हणजे दह्याचे वाळवलेले खारट गोळे, वळलेले हात ते! गोळ्या इतक्या देखण्या झाल्या, की पाहुण्यांनी कुरुत समजून सहज तोंडात टाकल्या असत्या.

त्यांची सून मेहरंगेझ हिला नेमकी तीच धास्ती. तिची मुनिसा अडीच वर्षांची. दिसेल ते तोंडात, आणि कुरुत म्हणजे जीव की प्राण.

"आई, पोरीच्या हाती लागल्या तर?"

"फ्रिजमागे ठेवतेय, कशाला लागतील? तुझा नवरा याच गोळ्यांच्या घरात वाढला. काय झालं त्याला?"

 मेहरंगेझ नुसतं "बरं" म्हणाली. सबोहतबाई शेजारच्या रोबिआकडे चहाला गेल्या, तशी तिनं हातमोजे घालून गोळ्या वेचल्या, पिशवीत बांधून खाली कचऱ्यात टाकल्या, फरशी खसाखसा पुसली आणि त्या जागी बाजारातले खरे कुरुत मांडले. सासूबाईंचे गुडघे वाकत नव्हते. लांबून पांढरं काही दिसलं की त्या खूश.

झोपायच्या आधी ती कुरुत उचलायची आणि सकाळी ताजे मांडायची, नाहीतर झुरळांचीच मेजवानी व्हायची. शिवाय गळका नळ दुरुस्त करवला, पाइपाभोवतीच्या फटी बुजवल्या, नान झाकणाच्या डब्यात ठेवू लागली आणि मुनिसाचा हात पोचणार नाही अशा सांदीत चिकट सापळे सरकवले. हळूहळू झुरळं दिसेनाशी झाली.

"बघ माझ्या गोळ्यांचा प्रताप!" सबोहतबाई चहाला आलेल्या रोबिआला ऐकवत होत्या. "हल्लीच्या पोरींना काय कळतंय!"

मेहरंगेझ चहा ओतताना गालातल्या गालात हसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुनिसा आली. गाल फुगलेला, हनुवटीवर पांढरी लाळ, मुठीत आणखी एक गोळी.

"या खुदा! थुंक, थुंक आधी! अगं, डॉक्टरला फोन करा कुणीतरी!" सबोहतबाईंच्या हातातला पियाला लवंडला.

थोडी गंमत बघावी असं सुनेच्या मनात होतं. पण म्हातारीची उडालेली गाळण बघून तिला राहवेना. तिनं मुनिसाच्या तोंडातला तुकडा काढून चाखला, मुठीतली गोळीही चावली.

"कुरुत आहे, आई. दोन्ही. तुमच्या गोळ्या मी पहिल्याच दिवशी फेकल्या."

"म्हणजे इतके दिवस मी दह्याची फुशारकी मारत होते?"

रोबिआला हसू आवरेना. सबोहतबाई मात्र एकाएकी पांढऱ्या पडल्या.

"मग परवा मी काठीनं सोफ्यामागे ज्या नव्या सरकवल्या, त्या?"

आता सुनेचं हसू पळालं. तिनं मुनिसाला रोबिआच्या मांडीत कोंबलं आणि सोफा ओढला. न वाकणारे गुडघे टेकून सबोहतबाईही जमिनीवर आडव्या झाल्या. भिंतीलगत गोळ्यांची रांग होती. एकही हललेली नव्हती.

"सगळ्या आहेत," सबोहतबाई पुटपुटल्या. मग सुनेकडे रोखून बघत म्हणाल्या, "बघत काय बसलीस? हातमोजे आण. ते बोरिकचं पाकीटही टाकून दे. आणि आधी मला उठव."