तांब्याभर समुद्र

मी काचेची टाकी आहे आणि माझं वय झालं आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या अंगावर ओरखडे आहेत, एका कोपऱ्याला टवका उडाला आहे. पण मित्रांनो, आमच्या बडोद्याला समुद्र नाही, आणि मी मात्र घरात बसून समुद्र सांभाळते! याचा मला फार अभिमान वाटतो.

माझा जन्म नागरवाड्यात एका काचवाल्याच्या दुकानात झाला. तेव्हा घरोघरी केबलच्या तारा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. सुभानपुऱ्याच्या शैलाताईंनी आपल्या लेकीसाठी, मोहनासाठी, मला घरी आणलं. माझ्यात सोनमासे आले. मोहना शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी माझ्या काचेला नाक लावायची. पुढे ती शिकायला पुण्याला गेली, मग नोकरीसाठी तिथेच राहिली. मासेही राहिले नाहीत. मला माळ्यावर ठेवलं. माझ्या पोटात जुनी मासिकं आणि फाटके आकाशकंदील येऊन बसले. पाण्याचा स्पर्श कसा असतो, हेसुद्धा मी विसरत चालले होते.

शैलाताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बाटलीतल्या औषधी पाण्यात बुडवलेला पांढरा तुकडा दाखवून त्यांनी किती वर्गांना प्रवाळ शिकवलं असेल! निवृत्त झाल्यावर एक दिवस त्या म्हणाल्या, "अहो, आयुष्यभर मेलेलं प्रवाळ दाखवलं. आता मला जिवंत बघायचंय."

अहो म्हणजे बळवंतराव. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, आणि बळवंतरावांचा आवाज अजून पागेत घुमावा तसा घरात घुमतो. ते म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी घोडे पाळले, आणि तू खारं पाणी पाळणार?" पण मला माळ्यावरून उतरवलं ते त्यांनीच, आणि घासूनपुसून चकचकीत केलं तेही त्यांनीच.

अलकापुरीत मयंकचं माशांचं दुकान आहे. त्याने स्वतःच्या टाकीत वाढवलेल्या मऊ प्रवाळाचा एक तुकडा शैलाताईंना दिला, सोबतीला दोन समुद्री मासेही दिले. दिसायला अगदी लहानशी छत्री. सकाळी दिवा लागला की त्या छत्रीतून शेकडो इवली बोटं बाहेर यायची आणि पाण्याबरोबर डोलायची. शेजारीपाजारी बघायला येत. "शैलाबेन, आ तो जाणे फूल छे!" म्हणत. मला वाटे, जगात माझ्याइतकी सुखी टाकी नसेल.

आणि मग मे महिना आला.

एका सकाळी दिवा लागला, पण बोटं बाहेर आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. छत्री मिटून सुरकुतली, तिची कड करडी पडली. शैलाताईंनी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पाणी तापलं असेल म्हणून पाहिलं, तर पाणी गार ठेवायला माझ्या डोक्यावर बसवलेला छोटा पंखा चालू होता आणि पाणी गार होतं. दिवा प्रखर झाला असेल म्हणून उंच टांगला. प्रवाह जोराचा असेल म्हणून पंपाचं तोंड वळवलं. मासे टोचत असतील म्हणून तासन्‌तास समोर बसून राहिल्या. खारेपणा मोजायच्या डबीतला काटाही बरोबर जागी होता.

"आई, काहीतरी औषध घालून बघ ना," मोहना फोनवर म्हणाली.

"काय झालंय ते कळल्याशिवाय कसलं औषध, बाळा?" शैलाताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "हे गेलं ना, तर टाकी बंद करणार मी. हौसेसाठी जीव आणून मारायचा नाही."

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटलं. कारण मला खरं काय ते ठाऊक होतं! दुपारी शैलाताई आडव्या झाल्या की बळवंतराव हळूच उठत. पंख्याने माझं पाणी आटलेलं असे. ज्या खास मिठाने माझा समुद्र बनवला, त्याच पिशवीतलं मीठ ते स्टीलच्या तांब्यात विरघळवत आणि काचेवर आखलेल्या पाण्याच्या रेघेपर्यंत मला भरून टाकत. किती मायेने ओततात म्हणून सांगू! पण काचेला तोंड कुठे असतं?

अखेर एका सकाळी शैलाताई साध्या पाण्याच्या कॅनपाशी थबकल्या. मी आटले की त्यातलं पाणी घालायचं, अशी त्यांची पद्धत. कॅन काठोकाठ भरलेला होता.

"इतक्या उन्हात पाणी आटत नाही, असं कसं होईल?" त्या स्वतःशी म्हणाल्या. मग वळून त्यांनी विचारलं, "अहो, टाकीत कोण पाणी घालतं?"

वर्तमानपत्र जरा वर सरकलं. "मी घालतो."

"कुठलं?"

"खारंच! समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी कोणी घालतं का?"

"अहो, पाणी उडून जातं, मीठ खालीच राहतं! तुम्ही मिठात मीठ घालताय!"

"मग तुझा काटा बरोबर कसा दाखवतो?"

शैलाताई तडक फोनकडे वळल्या. त्यांनी मयंकला बोलावलं. त्याने आपल्या दुर्बिणीसारख्या उपकरणात माझा थेंब घेऊन पाहिला आणि डोळे विस्फारले. "शैलाबेन, आ तो बहु खारुं थई गयुं छे!" पाणी भलतंच खारं झालं होतं, आणि डबीतल्या काट्यावर मिठाचा थर बसला होता. जड झालेला काटा वर चढतच नव्हता. शैलाताईंनी कपाळाला हात लावला. "धुवायला हवा होता मी. मुलांना रोज सांगायचे की उपकरण आधी धुवा!"

बळवंतराव मात्र एकदम लहान दिसायला लागले. "म्हणजे मीच मारलं त्याला?"

"मेलेलं नाही अजून. पण एकदम गोडं पाणी ओतलं तर दणका बसेल. थोडं थोडं खारं काढायचं, थोडं थोडं साधं घालायचं. घालाल?"

"घालीन की!"

मग दोघं मिळून कामाला लागली. एकाने वाटीने काढायचं, दुसऱ्याने हळू घालायचं. काटा धुऊन, पुसून, रोज मोजायचं. काही दिवसांनी कात टाकावी तसा छत्रीवरून मेणासारखा पातळ पापुद्रा सुटला आणि पाण्यात तरंगत निघून गेला.

दुसऱ्या सकाळी सगळा सुभानपुरा जागा होईल अशी आरोळी घुमली. "शैलाऽऽ! उघडलं! बोटं काढली त्याने!"

शैलाताई पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या. एरवी फोनवर दोन शब्दांपलीकडे न बोलणाऱ्या बळवंतरावांनी मोहनाला एकेका बोटाचं वर्णन करून सांगितलं. ती तिकडे हसत सुटली. "बाबा, आईला तरी बोलू द्या!"

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी मुका जीव असेल. त्याच्यावर माया करा, भरभरून करा. फक्त गुपचूप करू नका. त्याला काय दिलं, किती दिलं, हे एकमेकांना सांगा, विचारा. तेवढ्यानेच पुष्कळ जीव वाचतील.

ऐकू आलं का? माझ्यावर तांब्या धरून बळवंतराव ओरडताहेत. "अगं शैला, साधं पाणी घालतोय हं! साधं!"

आणि शैलाताई म्हणताहेत, "घाला, घाला. मी बघतेय!"