वीस मिनिटांची चूळ

मुलीनं चमचाभर तिळाचं तेल बापाच्या तोंडात ओतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"गिळायचं नाही. थुंकायचंही नाही. वीस मिनिटं."

बापानं गाल फुगवून मान डोलावली. बाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत. फळांचे लिलाव पुकारण्यात त्याची हयात गेली, आणि घरी येऊनही तो पुकारतच असे. दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती. आता त्याच्या हिरड्या सुजल्या होत्या, ब्रश लावला की रक्त येई. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दात साफ करून दिले, नीट ब्रश करायला शिकवलं, आणि मुलीनं विचारलं म्हणून तेलाच्या चुळेलाही हरकत घेतली नाही. त्यांनी पाच मिनिटं सांगितली होती. वरची पंधरा मुलीनं आपल्या पदरची घातली.

"आई म्हणाली, पोटात दुखतंय. तुम्ही जेवत होतात. काय म्हणालात, आठवतंय?"

गालातलं तेल इकडचं तिकडे झालं.

"म्हणालात, मग बघू. पुढच्या महिन्यात ती परत म्हणाली. परत तेच, मग बघू. तिसऱ्यांदा तिनं मला सांगितलं, तुम्हाला नाही. तोवर फार उशीर झाला होता."

हे सगळं ती शेंगा सोलता सोलता, आवाज न चढवता सांगे. रोज एक. त्यानं न बघितलेलं तिचं बक्षीस, त्यानं चारचौघांत केलेली आईची टिंगल. सांगून तिला बरं वाटे. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटे. म्हाताऱ्याचे डोळे भरले तरी ती घड्याळाकडेच बघत राही. वेळ झाली की पावडरचा रिकामा डबा पुढे करी, कारण तेल बेसिनमध्ये गेलं तर पाइप तुंबतो. तो थुंके, ब्रश करी आणि एक अक्षर न बोलता पेपर उघडून बसे. भोंग्याची अशी जिरलेली तिनं जन्मात बघितली नव्हती.

तीन आठवड्यांत ती आईच्या शेवटच्या दिवसापर्यंत आली.

"तुम्ही लिलावाला गेला होतात. आई शुद्धीवर होती. तुमच्याबद्दल बोलली."

आणि तिनं डबा पुढे केला. म्हातारा थुंकेना. त्यानं बोटानं खूण केली, पुढे सांग.

"झाली वीस मिनिटं. राहिलेलं नंतर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दातांच्या दवाखान्यात जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या तपासल्या. सूज उतरली होती.

"छान! ब्रश चालू ठेवा काका. चूळ पाचच मिनिटं ना?"

"वीस," म्हातारा म्हणाला.

"वीस कशाला? जबडा दुखेल की! मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं."

म्हाताऱ्यानं खिशातून चिठ्ठी काढली. घडी घालून घालून ती मऊ पडली होती. पाच मिनिटं, आणि खाली ठळक रेघ.

रस्त्यात मुलगी थांबली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग गप्प का बसलात?"

"तोंड रिकामं असतं तर मीच मधे बोललो असतो." तो जरा घुटमळला. "एरवी तू कधी बोलतेस माझ्याशी?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे ती त्याला सोलून काढत होती, आणि हा माणूस ते मागून घेत होता!

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा त्यानं तिच्यासाठी स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं. चमचा रिकामा होता. गाल फुगवून तो तिच्या तोंडाकडे बघत बसला होता.

ती बसली. शेंगा सोलू लागली. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यानं बोटानं खूण केली. तिनं शेंगेतला किडका दाणा बाजूला टाकला.

"पाच मिनिटं झाली. थुंका."

त्यानं मान हलवली. ती डबा धरून उभी राहिली. त्याचा जबडा थरथरायला लागला, ओघळ हनुवटीवर आला, आणि शेवटी तो थुंकला.

"काय म्हणाली ती? शेवटी?" त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

मुलीनं डब्याला झाकण लावलं आणि हात पुसले.

"मग बघू."