दुखणं कधी सुरू झालं

माझा नवरा ऑर्लिन बाके याचा उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. बोटं कात्री धरतात, मनगट फिरतं. कोपर वर जात नाही. न्हाव्याला कामातून उठवायला एवढं पुरतं.

औषधांच्या दुकानात फ्लूची लस घेताना सुई फार वर, सांध्यात टोचली गेली. लसीवर माझा राग नाही. मी दरवर्षी घेते. अशा इजेची सरकारकडून भरपाई मिळते. ती मिळाली तर शस्त्रक्रिया होणार होती, त्याचं केस कापायचं दुकान वाचणार होतं. मात्र दुखणं सुई टोचल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत सुरू झालं हे सिद्ध करावं लागतं. ते त्याच रात्री सुरू झालं होतं. पण पुढच्या आठवड्यात ऑर्लिन रक्तदाब तपासायला गेला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय, कसं काय?" हा म्हणाला, "मजेत." डॉक्टरांनी लिहिलं: तक्रार नाही.

"सांगायला काय झालं होतं रे?" मी नंतर विचारलं.

"त्यांनी रक्तदाबासाठी बोलावलं होतं. खांद्याचं रडगाणं कशाला?"

मिनेसोटात आम्ही सगळे असेच वाढलो. घर पेटलं तरी शेजाऱ्याला सांगायचं, आज जरा ऊब आहे.

सुनावणी व्हायला चार वर्षं लागली. ती झाली आमच्याच स्वयंपाकघरात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. साक्षीला ऑर्लिनचा शाळेपासूनचा मित्र डेलमार. लसीच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं ऑर्लिनकडून केस कापून घेतले होते.

"एक कल्ला कानाच्या वर, दुसरा खाली," तो म्हणाला. "बायको म्हणाली, न्हाव्याशी भांडलास की काय?"

"मग तुम्ही त्यांना काही बोललात?" सरकारी वकीलबाईंनी विचारलं.

"छे हो! बिचाऱ्याला वाईट वाटलं असतं. उलट टिप जास्त दिली."

"म्हणजे काम आवडलं, असंच दाखवलंत."

डेलमारनं आमच्या टेबलावरचा कॉफीचा कप पुढे ओढला. पडदा बंद झाल्यावर ऑर्लिन म्हणाला, "गाढवा, चार वर्षं बोलला नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

कॉफी थंड झाली तरी दोघे बसून होते.

निकाल पुढच्या वसंतात, फोनवर आला. तोवर दुकानाच्या काचेवर विक्रीची पाटी लागली होती. निवाडा करणाऱ्या बाईंचा आवाज मऊ होता.

"मिस्टर बाके, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण दुखत असेल तर माणूस डॉक्टरांना सांगतो. तुम्ही सांगितलं नाहीत. दावा फेटाळत आहे."