ती माझ्यावरच जन्मली

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. आता माझ्यावर रिकामी पोती आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात, म्हणून तुम्ही मला ओळखणार नाही. पण माझी उमेदीची सारी वर्षे एका लहानशा प्रसूतिगृहात गेली. कारखान्यातून पांढराशुभ्र रंग लावून निघाले, ती थेट सिस्टरबाईंच्या हाताखाली आले.

सिस्टरबाई तिथल्या मुख्य परिचारिका. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. कळा सोसणाऱ्या बाईला त्या रागवायच्या आणि त्याच वेळी तिची पाठ चोळायच्या. दुपारी त्यांचा धाकटा भाऊ जेवणाचा डबा घेऊन यायचा. त्याचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. आई गेल्यावर सिस्टरबाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता.

एका सकाळी लाँड्रीत काम करणारी एक बाई अवघडलेली आली. तिचा नवरा बस चालवायचा. निरोप मिळताच तो प्रवाशांनी भरलेली बस घेऊनच दारात हजर झाला. कुणाला कामावर पोचायचे होते, कुणाला बाजारात. पण एकानेही कुरकुर केली नाही. आतून बाळाचे रडणे ऐकू आले, तेव्हा बसमध्ये टाळ्या वाजल्या. मुलगी झाली होती. सिस्टरबाई म्हणाल्या, "काय आवाज आहे हिचा. शेवटच्या सीटपर्यंत पोचला."

ती मुलगी मोठी झाली. कामगारांसाठी भांडली, निवडून आली, आणि पुढे देशाचे प्रमुखपद तिच्या हाताशी आले. तेव्हा कुणीतरी पुडी सोडली, की ही इथली नाहीच. सीमेपलीकडे जन्मली आणि तान्ही असताना इकडे आणली. कधी ती बोटीतून आलेली असे, कधी टोपलीतून. एकच माणूस दोन्ही सांगे, तरी ऐकणाऱ्यांना काही खटकत नसे.

मग कॅमेरा घेऊन एक तरुण आला. सिस्टरबाई माझ्या कडेला बसून बोलल्या. त्याने विचारले, "आजी, त्या दिवशी वार कोणता होता?"

त्या हसल्या. "वार काही आठवत नाही बाबा. पण बाळ आठवतं. माझ्या या हातात आली ती."

त्याने लोकांना दाखवले ते एवढेच: "काही आठवत नाही बाबा."

त्यानंतर फाटकाशी घोळके जमू लागले. आत घुसून कुणी मला हलवून पाहिले, कुणी माझा रंग खरवडला. त्या बसमधले काही प्रवासी अजून आसपास राहत होते. खरे काय ते सांगा, असे विनवायला सिस्टरबाई त्यांच्या दारी जाऊन आल्या. कुणी म्हणाले, "आम्हाला कशाला यात ओढता?" कुणी दारच उघडले नाही.

भाऊ डबा घेऊन आला, पण त्या दिवशी उभाच राहिला.

"ताई, तू स्वतःच म्हणालीस ना, आठवत नाही म्हणून."

"अरे, मागचं-पुढचं बोलणं कापलं त्यांनी."

"सगळेच कसे खोटं बोलतील?"

"मग मी बोलतेय का खोटं?"

त्याने डबा खाली ठेवला. "तुझं आता वय झालंय, ताई," असे म्हणून निघून गेला. पुढे डबा दुकानातल्या पोऱ्याच्या हाती येऊ लागला. बऱ्याचदा सिस्टरबाई तो न उघडताच परत पाठवत.

एक सासूबाई आपल्या दिवस भरलेल्या सुनेला उठवून घेऊन गेल्या. म्हणाल्या, "इथं नको. उद्या आमच्या नातवालाही विचारतील, तू कुठला म्हणून." मग दुसरी गेली, तिसरी आलीच नाही. माझ्यावरची चादर दिवसचे दिवस चुरगळेना.

बस ड्रायव्हरची मुलगी शेवटी जिंकली. पुडी सोडणाऱ्यांना नवा विषय मिळाला. आमचे चुकले, असे सांगायला मात्र फाटकाशी कुणी आले नाही. तोवर प्रसूतिगृह बंद पडले होते.

सामान हलवायच्या दिवशी भाऊ आला. त्याने माझी एक बाजू धरली, सिस्टरबाईंनी दुसरी. दोघे दारापर्यंत आले. मग तो हळूच म्हणाला, "ताई, आता तरी खरं सांग. ती इथेच जन्मली होती का?"

सिस्टरबाईंनी आपल्या हातातली बाजू सावरली. मग म्हणाल्या, "तिकडून नीट धर. बोट चेमटेल तुझं."

मित्रांनो, त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही. माझे काय, मला गंज चढेल आणि एक दिवस भंगारवाला घेऊन जाईल. मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाने तुम्हाला हाताला धरून चालायला शिकवले, त्याचे बोलणे आणि एखाद्या परक्याचे बोलणे जुळेनासे झाले, तर आधी आपल्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याला उभ्या उभ्या प्रश्न विचारू नका.