अकरा पेशी

रिसोडच्या तारामतीबाईंच्या छातीतली कॅन्सरची गाठ दोन वर्षांपूर्वी काढली होती. आता मणक्यात पुन्हा काहीतरी दिसत होतं. तिथे सुई घालून तुकडा काढणं धोक्याचं. आणि दुखणं कोणत्या जातीचं हे कळल्याशिवाय गोळ्यांवर भागेल की पुन्हा सलाइनमधून कडक औषध द्यावं लागेल, हे डॉक्टरांना ठरवता येईना. कडक औषध बाईंनी एकदा सोसलं होतं. दुसऱ्यांदा ते अंगाला झेपेल, असं घरात कुणालाच वाटत नव्हतं.

म्हणून सून चेतना त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथल्या एका रुग्णालयात रक्तावरूनच गाठीची जात ओळखण्याच्या नव्या तपासणीचा अभ्यास चालू होता. तपासणी करणारी रंजीता आपल्याच जिल्ह्यातल्या, मानोऱ्याकडच्या तांड्यावरची निघाली, तेव्हा बाईंना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. रंजीताने त्यांना बोटभर पारदर्शक पट्टी दाखवली. तिला चिप म्हणतात. आत केसाहून बारीक वाटा. त्यांतून रक्त हळूहळू सोडायचं. नेहमीच्या पेशी निघून जातात, गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या मात्र अडकतात.

बाईंना हे लगेच पटलं. जन्मभर त्या पाणी फडक्यातून गाळून प्यायल्या होत्या. गाळून झालं की फडक्यावरचे न दिसणारे जीव हलक्या हाताने परत त्याच पाण्यात सोडायचे, हा त्यांच्या जैन घरचा नेम. रंजीता दंडाला पट्टा बांधत होती, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "अडकलेल्या पेशी जित्या असतात का?"

"असतात, मावशी."

"मंग त्याईले कुठी सोडता?"

रंजीताचा हात थांबला. खोटं बोलणं सोपं होतं. "सोडत नाही. वळखाले रंग लावतो, त्यातच मरतात त्या."

बाईंनी हात मागे घेतला.

चेतनाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाईजी, गाठ कापली तवा नाही इचारलं, तिले कुठी सोडता म्हनून."

"तवा मी बेशुद्ध होती."

रंजीताने हसू दाबलं, पट्टा सोडला आणि स्टूल ओढून जवळ बसली. तुमच्या धर्मातलं मला कळत नाही, म्हणाली. पण या पेशी बाहेरून आलेल्या नाहीत, तुमच्याच आहेत. तुमच्या दुखण्याचं त्या सांगतील तेवढं इथे कुणी सांगू शकत नाही. तरी नको असेल तर मी सुई लावत नाही.

बाईंनी आपणच बाही वर केली.

आठ दिवसांनी रंजीताचा फोन आला. अकरा पेशी सापडल्या होत्या. त्यांच्यावरच्या खुणा पाहून डॉक्टरांनी गोळ्याच ठरवल्या होत्या. चेतना दाराला टेकून रडू लागली. बाईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"पोरी, तू खरं सांगतलं, म्हनून मी हात देल्ला," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या प्रतिक्रमणाला बसल्या. रोजच्यासारखी सगळ्या जिवांची क्षमा मागितली. जरा थांबून त्या अकराजणींची वेगळी मागितली, आणि त्यांचे आभारही मानले.