सरासरी पंधरा

दौलतला आपल्या हिशोबावर एवढा भरवसा, की मुलीची चाचणी बघायला तो कोपरीच्या मैदानावर आधीच पेढे घेऊन आलेला. सान्वी नववीत. मैदानाला दोन फेऱ्या, म्हणजे आठशे मीटर. सरासरी वेग ताशी पंधरा किलोमीटर भरला तर धावण्याच्या शिबिरात निवड, नाहीतर घरी. आणि त्या शिबिरापायी पोरगी वर्षभर पहाटे उठत होती.

युक्ती दौलतचीच. पंचवीस वर्षं टेम्पो चालवलेला माणूस, त्याला वेग कोण शिकवणार! "पहिली फेरी बाराने मार, दम राखून. दुसरी अठराने. बारा नि अठरा तीस, भागिले दोन, पंधरा. झालं काम!" वेग दाखवणारं घड्याळ मनगटावर बांधून पोरगी अगदी सांगितल्याप्रमाणे धावली.

आणि चाचणी घेणाऱ्या भगवान सरांनी वहीत लिहिलं, चौदा पूर्णांक चार. नापास.

दौलत उसळलाच. "अहो सर, काय चेष्टा लावलीय? घड्याळ बघा तिचं! बारा नि अठरा!"

"बरोबर आहे, दौलतराव. पण बाराने धावताना एकशेवीस सेकंद गेले, अठराने ऐंशी. आठशे मीटरला दोनशे सेकंद. सेकंदाला चार मीटर, म्हणजे ताशी चौदा पूर्णांक चार."

दौलतने दोनदा बोटांवर मोजलं. दोनशे सेकंद खरे, बारा खरे, अठराही खरे. मग मधले पॉइंट सहा गेले कुठे? कोणी खाल्ले? डोक्याचा पार भुगा झाला बिचाऱ्याच्या.

"पप्पा," सान्वी हळूच म्हणाली, "हळू मी दोन मिनिटं धावले. जोरात फक्त ऐंशी सेकंद."

"अगं पण फेऱ्या सारख्याच ना?"

"फेऱ्या सारख्या. वेळ कुठे सारखा?"

काहीतरी कळल्यासारखं झालं आणि लगेच निसटलं. त्याने विचारलं, "पहिली फेरी अजून जोरात मारता आली असती तुला?"

"हो. दम लागलाच नव्हता."

"मग आधी बोलायला काय झालेलं?"

"काल रात्री बोललेले. म्हटलं, असं नाही होत पप्पा, शाळेत शिकवलंय." ती बुटाची नाडी सोडायला खाली वाकली. "तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात."

सरांनी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.